कापसात गेलेला बॉल

पुण्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" म्हटलं, यवतमाळची. बाईंच्या हातातली जिलबी हातातच राहिली. "अगं बाई! तिथे कसं हो राहता तुम्ही?" मी जणू मयताच्या घरून उठून थेट पंगतीला येऊन बसले होते! कापसाची ती वर्षं वाईट होती, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. पण अख्खा जिल्हा काय नुसता डोक्याला हात लावून बसला होता का? आमच्याकडे लग्नं होत होती, पोरं परीक्षेत कॉप्या करताना सापडत होती, गल्लीत नळावरून भांडणं होत होती. आणि आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम त्या साली फायनलला गेली होती. हे शेवटचं मी बाईंना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "फुटबॉल? तिकडे?"

तर हे त्या बाईंसाठी, आणि जे इकडे कधी फिरकले नाहीत व फिरकणारही नाहीत अशा सगळ्यांसाठी लिहिते आहे. राग आला म्हणून लिहिते आहे, हेही आधीच सांगून टाकते. ज्यांना गोडगोड प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी कोकणात जावं.

यवतमाळ

मी कॉलेजात भूगोल शिकवते. खेळाच्या सरांची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. ती भरावी असं कुणाला वाटत नव्हतं, पण टीम मात्र जिंकून यावी असं सगळ्यांना वाटत होतं. नियमाप्रमाणे संघासोबत एक शिक्षक लागतोच. स्टाफरूममधल्या एकेका पुरुषाला विचारून झालं. कुणाची कंबर धरली होती, कुणाच्या मेहुण्याचं लग्न होतं, एकाला तर म्हणे जीपची हवाच मानवत नव्हती. शेवटी प्राचार्यांनी मला बोलावलं. "नसीम मॅडम, तुम्हीच जा. तुम्ही भूगोलाच्या, तुमाले रस्ते माहीत."

आता बोला! मी आयुष्यात फुटबॉलची एक मॅच धड पाहिली नव्हती. पण स्टाफरूममध्ये कुणीतरी हसलं, आणि मी हो म्हणून बसले.

शंकरभाऊंची काळी-पिवळी जीप ठरली. अख्खी टीम तिच्यात मावत नाही म्हणावं, तर शंकरभाऊ म्हणाले, "मॅडम, बाजाराच्या दिवशी याच्या दुप्पट भरतो मी. पोट्टे कोठीबी बसते." आणि खरंच बसले. कुणी कुणाच्या मांडीवर, कुणी वर कॅरिअरवर, बुटांची पिशवी माझ्या पायाशी. त्या पिशवीचा वास मी इथे वर्णन करत नाही, वाचकांनी जेवण केलेलं असू शकतं.

पुढे माझ्या शेजारी फिरोज बसला. हा आमचा गोलकीपर आणि कॅप्टन. त्याच्या वडलांचं लोहाऱ्याला एमआयडीसीच्या तोंडावर गॅरेज आहे. जीपनं जरा वेगळा आवाज काढला की हा गप्प होऊन कान द्यायचा, मग "शंकरभाऊ, फॅन बेल्ट पाह्यजा" म्हणायचा. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यानं मला डॅशबोर्डवर शेंगदाणे मांडून शिकवलं. मला समजेपर्यंत डिफेन्स आणि फॉरवर्ड दोन्ही शंकरभाऊंनी खाऊन टाकले होते.

आणि मागच्या कोपऱ्यात, काही न बोलता, खिडकीतून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, बघत बसलेला तो गजू. गजानन. अकरा नंबर, डाव्या बाजूनं पळणारा. केळापूरजवळच्या एका खेड्यातला. त्याच्याशी कितीही बोला, उत्तर एकच, "हाव मॅडम." पण बॉल पायात आला की हाच पोरगा असा सुटायचा की समोरचे दोघे-तिघे एकमेकांवर आदळायचे.

त्याचं शेवटचं वर्ष होतं. नागपूरच्या एका कारखान्याची स्वतःची फुटबॉल टीम होती, आणि तिथल्या माणसानं गजूचा खेळ पाहून त्याला सांगितलं होतं, "युनिव्हर्सिटीचा कलर आण, कामावर घेतो." कलर म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड. जो त्या संघाकडून खेळला तो कलर होल्डर. फायनलच्या दिवशी निवड समितीचे साहेब येणार, खेळ बघणार आणि तिथल्या तिथे नावं वाचणार. पुढच्या साली गजू कॉलेजात नसणार. म्हणजे कलर मिळाला तर आता, नाहीतर कधीच नाही. ही गोष्ट जीपमधल्या प्रत्येक पोराला माहीत होती आणि कुणी ती गजूसमोर काढत नव्हतं.

केळापूरच्या वाटेवर

पांढरकवड्याचे सामने आम्ही जिंकले. ते कसे जिंकले हे मला नीट सांगता येणार नाही, कारण पहिल्या सामन्यात मी चुकीच्या गोलला टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्यात डोळे मिटून बसले होते. गजूनं गोल केले, फिरोजनं अडवले, एवढं खरं.

परतताना गजूच्या घरी जेवायला थांबलो. आमच्या मोहल्ल्यात पाहुणा आला की आधी त्याच्या हातात चहाचा कप देतात, मग विचारतात कसं येणं केलं. इथे आधी पाण्याचा लोटा, मग बाजेवर बसा, मग त्या गावात तुम्ही कुणाकुणाला ओळखता याची पूर्ण चौकशी, आणि चहा सर्वांत शेवटी, जेवण जिरल्यावर. गजूच्या आईनं भाकर थापता थापता मला विचारलं, "बाई, तुमाले आमच्या घरचं चालते नं?"

"चालते म्हणजे? वाढा तुम्ही, पळते का नाही पाहा!"

वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात. शेंगा सोलता सोलता पोरांनी अर्धी परात संपवली. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा गजूचे वडील घाबरून म्हणाले, "मॅडम, रडू नका, पोट्टा चांगला खेळते." घरभर हशा पिकला. मग तेच हळूच म्हणाले, "त्याले मी वावरात नाई ओढत. वावर कुठी पळून चाललं? त्याचे पाय चालून राह्यले तोवर चालू द्या. ते कलर का काय, भेटन नं त्याले?"

मी म्हटलं, भेटेल. मला फुटबॉलमधलं काय कळतं? पण त्या माणसाच्या डोळ्यांत बघून दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. गजूची आई निघताना प्रत्येक पोराच्या खिशात शेंगा कोंबत होती. गजू मात्र जीपच्या चाकाला टेकून उभा होता, मान खाली.

घाटंजी ते आर्णी

फायनल महागावच्या बाजूला होती. घाटंजीहून आर्णीचा रस्ता धरला. रस्ता असा की जीपमध्ये बसल्या बसल्याच सगळ्यांचा सराव होऊन जावा. एका वळणावर पोरं पाय मोकळे करायला उतरली, बॉल उडाला, बाभळीच्या काट्यावर बसला आणि फुस्स! फिरोज म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ." पुढच्या गावात सायकलवाल्याच्या दुकानात त्यानं स्वतःच ब्लॅडर काढलं, पॅच लावला, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले आणि शिलाई पुन्हा घातली. सायकलवाला बाजूला उभा राहून चहा पीत बघत होता.

इथेच ती गाडी आली. पांढरी, वर छत्रीसारखी डिश. टीव्हीवाले. त्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर एसटी कमी आणि या गाड्या जास्त. एक तरुण उतरला, गळ्यात ओळखपत्र, पोरांकडे बघून त्याचा चेहरा उजळला.

"शेतकऱ्यांचीच मुलं ना? छान. जरा त्या शेताच्या कडेला बसता का? दोनच मिनिटं."

पोरं बिचारी बसली. टीव्हीवर येणार म्हणून केस सारखे केले.

"नाही नाही, हसू नका. गंभीर. आणि तो बॉल बाजूला ठेवा, फ्रेममध्ये नको."

माझं डोकं सटकलं ते तिथे. बॉल नको! म्हणजे यांना पोरं हवीत, पण खेळणारी नकोत. यांच्या फ्रेममध्ये बसायचं असेल तर आमच्या पोरांनी आधी बॉल टाकून द्यायचा आणि मग मान खाली घालायची. गजूला तर त्यानं खांद्याला धरून एका वाळलेल्या पऱ्हाटीशेजारी बसवलं आणि म्हणाला, "तू असाच बस, तुझा चेहरा फार बोलका आहे." ज्या पोरानं आमच्याशी दोन शब्दांच्या वर कधी काढले नाहीत, त्याचा चेहरा बोलका!

फिरोज म्हणाला, "साहेब, मी तं गॅरेजवाल्याचा पोरगा. माहा फोटो कायले काढून राह्यले?"

"मग तू जरा मागे हो."

मी पुढे झाले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की मुंबईहून आमचं दुःख मोजायला येणाऱ्यांनी निदान आमच्या पोरांची नावं तरी विचारावीत, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही तुमच्याच भल्यासाठी करतो." भलं! दाढी करायला बसवून गळ्यावर वस्तरा ठेवणाराही तेच म्हणतो. मी पोरांना उठवलं आणि जीपमध्ये कोंबलं. आर्णीला शंकरभाऊंनी दर्ग्यासमोर गाडी लावली, सगळ्यांना भजी खाऊ घातली, आणि फिरोजनं त्या टीव्हीवाल्याची नक्कल केली, "हसू नका, भजं फ्रेममध्ये नको," तेव्हा कुठे गजू हसला.

महागावच्या अलीकडे

त्या कॉलेजचं नाव घेत नाही. महागावच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल.

फाटकातून आत शिरलो आणि शंकरभाऊंनी ब्रेक मारला. मैदान कुठे आहे? मैदान पांढरं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताडपत्र्या, जोडून शिवलेली लुगडी, चादरी, आणि त्यांवर कापूस. भिंतीच्या कडेनं बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग, बैल सोडलेले, चुली पेटलेल्या. शेजारीच कापूस खरेदीचं केंद्र होतं. आधी ते उघडलंच उशिरा, उघडलं तर काटा बंद, काटा सुरू झाला तर अवकाळी पाऊस आला. ओला कापूस ग्रेडर हातात धरत नाही. म्हणून कास्तकारांनी तो मिळेल त्या जागी वाळत घातला होता. कॉलेजनं मैदान दिलं, हे चांगलंच केलं. पण मग त्याच मैदानावर त्याच दिवशी फायनल कोणत्या शहाण्यानं ठेवली?

तो शहाणा समोरच उभा होता. यजमान कॉलेजचे क्रीडाप्रमुख, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. "होऊन जाईल मॅडम, होऊन जाईल. हे लोक आत्ता उचलतात." आणि त्या लोकांकडे वळून, "चला रे, उचला! पाहुणे आले!"

पाहुणे म्हणजे आम्ही नव्हे. पाहुणे म्हणजे निवड समितीचे साहेब. ते मांडवात सोफ्यावर बसले होते, काळा चष्मा, समोर काजूची बशी. त्यांची जीप मांडवाच्या मागेच सावलीत उभी. त्यांना दुपारनंतरची रेल्वे गाडी पकडायची होती, त्यामुळे सगळी घाई.

कास्तकार बिचारे उठले आणि कापूस गोळा करू लागले. आमची पोरं थोडा वेळ बघत राहिली, मग एकेक करून तीही हात लावायला गेली. त्या कॉलेजची, म्हणजे फायनलला आमच्यासमोर खेळणारी, पोरंही आली. थोड्या वेळानं दोन्ही टीम एका ताडपत्रीची चार टोकं धरून चालत होत्या. त्यांचा पाच नंबर, बंडू नावाचा उंच डिफेंडर, गजूला म्हणाला, "तुमच्याकडं बी भिजला का बे?" गजू म्हणाला, "हाव." झाली ओळख.

फक्त एक कोपरा राहिला. एका गोलच्या डाव्या बाजूचा, कॉर्नरच्या झेंड्याच्या आतला. तिथे शेवंताबाई नावाच्या एका बाईंचा कापूस होता, सगळ्यांत जास्त भिजलेला. त्या क्रीडाप्रमुखांना म्हणाल्या, "उचलतो बाबू, पण वला आहे. गंजी केली तं पिवळा पडते. मंग कोन घेते?"

त्यावर त्या थोर माणसानं काय तोडगा काढावा? म्हणाला, राहू द्या. कोपरा आहे तसाच. बॉल तिकडे गेला तरी खेळ चालू.

मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा तो कोपरा बाद धरा. बॉल तिथे गेला की शिट्टी मारा आणि थ्रो द्या."

"मॅडम," ते हसून म्हणाले, "तुमाले खेळातलं काय समजते?" आणि रेफ्रीनं, तो बाहेरून आलेला, मान डोलावली. साहेबांनीही मांडवातून हात हलवला, चालू करा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि यांना ते दिसत नव्हतं!

खेळ सुरू झाला. बंड्यांवर चढून कास्तकार बघत होते. इतके दिवस रांगेत बसून कंटाळलेल्या माणसांना फुकट तमाशा मिळाला होता, आणि त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही, जो चांगला पळेल त्याला ओरडून दाद दिली. सर्वांत जास्त दाद गजूला मिळाली. त्यांनी गोल केला, गजूनं फेडला. एक-एक. दुसऱ्या डावात त्याला दोघं-दोघं लागले तरी तो निसटत होता. मांडवात साहेब पहिल्यांदाच चष्मा काढून पुढे झुकले. मी फिरोजच्या गोलमागे उभी होते, आणि मला वाटलं, झालं! मिळाला पोराला कलर.

खेळ संपत आला होता. मधून कुणीतरी लांब बॉल मारला. तो उडत उडत गेला आणि पडला नेमका कापसात. मऊ पडला, उसळला नाही, तिथेच रुतून बसला. गजू आणि बंडू दोघंही जीव खाऊन धावले. आणि कापसाच्या काठावर दोघंही थांबले.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे कापसावर पायातलं घालून कुणी जात नाही. कापूस लक्ष्मी आहे. बंडीत तो दाबून भरतात तेव्हासुद्धा माणूस उघड्या पायानं वर चढतो. लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही. आमच्या घरीही सांगावं लागलं नाही. आमचे आजोबा पिंजारी, गाद्या-रजया भरायचे, आणि त्यांच्या कामाच्या खोलीत कुणाची चप्पल कधी गेली नाही.

तर हे दोन्ही पठ्ठे खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. फायनलच्या शेवटी! बॉल समोर चार हातांवर, आणि हे दोघं समोरासमोर बसून गाठी सोडतायत. बंड्यांवरून एकच गलका. "अबे दातानं तोड!" "पह्यले डावा काढ, डावा!" "पाच नंबरची गाठ बसली रे!" मी माझं प्राध्यापकपण विसरून ओरडले, "घुस नं बे आत! बूट गेले चुलीत!" गजूनं ऐकलं नाही.

त्याचे बूट आधी निघाले. तो उघड्या पायानं कापसात शिरला, बॉल अलगद पायावर घेऊन बाहेर आला, तसाच, अनवाणी, आत वळला आणि मारला. गोल!

बंड्यांवरच्या टोप्या हवेत गेल्या. बैल दचकून उठले. शेवंताबाई दोन्ही हातांनी बोटं मोडत होत्या, नजर उतरवत होत्या. फिरोज गोल सोडून मैदानभर पळत होता. बंडू एका पायात बूट, दुसरा हातात, तसाच येऊन गजूच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "नाडीनं मारलं राजा मले!"

आणि शिट्टी वाजली. रेफ्री हात हलवत होता. गोल रद्द. खेळाडूला बूट काढून खेळता येत नाही. वर गजूला पिवळं कार्ड.

मी मैदानात गेले. जाता येत नाही, माहीत आहे मला. गेले. "कापसात बॉल गेला तरी खेळ चालू, हा नियम कुणाचा? तुमचा. मग कापसात जायचं कसं?"

"बूट घालून जायचं," रेफ्री म्हणाला.

बंडीवरून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काय म्हनला हा? बूट घालून?"

पुढचं थोडक्यात. बरोबरी, पेनल्टी, आम्ही हरलो. फिरोजनं एक अडवली, पण आमच्या दोघांनी बाहेर मारल्या. गजूनं बूट घालून आपली पेनल्टी मारली. आत गेली, तिला कुणी रद्द करू शकलं नाही.

हरलो त्याचं मला एवढं नाही. नावं वाचली. बंडूचं आलं. फिरोजचंही आलं. गजूचं नाही. मला वाटलं वाचायचं राहिलं असेल, म्हणून मी क्रीडाप्रमुखांना गाठलं. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेबाले पोट्टा पसंत होता मॅडम. पण ते म्हणाले, मैदानात बसून बूट सोडणारा खेळाडू बाहेरच्या राज्यात कसा न्यायचा? लोक हसतील आपल्याले."

लोक हसतील! म्हणजे कापूस यांनी मैदानात ठेवायचा, नियम यांनी ऐनवेळी करायचा, आणि हसायचं कुणाला, तर ज्यानं कापसाची लाज राखली त्याला! आणि बंडूनंही तर बूट सोडला होता. त्याची गाठ बसली म्हणून तो खेळाडू, याची सुटली म्हणून हा गावंढळ!

गजू फाटकाजवळ आमच्या जीपला टेकून उभा होता. मी त्याच्याशी काय बोलू? म्हटलं, "मी साहेबांशी बोलते." तो म्हणाला, "हाव मॅडम."

तोवर कास्तकारांनी कापूस पुन्हा पसरला होता. ऊन अजून होतं, ते वाया कोण घालवणार? आमच्या आणि मांडवाच्या मध्ये पुन्हा सगळं पांढरं. पलीकडे साहेब जीपमध्ये चढत होते. मी धावले आणि काठावर येऊन थांबले, आणि मीही खाली वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्याच वेळी साहेबांची जीप सुरू झाली. भिंतीकडेचा रस्ता बंड्यांनी भरलेला. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला. मग चाक वळवलं आणि जीप सरळ कापसावरून आणली.

चिखलाची चाकं. मागे दोन काळे पट्टे उमटत येत होते, एका ताडपत्रीवरून दुसऱ्या ताडपत्रीवर, शेवटी शेवंताबाईंच्या कापसावर. कुणी शिवी दिली नाही. माणसं फक्त उठली आणि चालत चालत जीपच्या पुढे येऊन उभी राहिली. जीप कापसाच्या मधोमध थांबली.

साहेबांनी काच खाली केली. काठावरच्या गर्दीत त्यांना गजूचा ओळखीचा चेहरा दिसला, तो माझ्यामागून आला होता. "अरे, अकरा नंबर! इकडे ये. सांग या लोकांना, बाजूला व्हा म्हणावं. माझी गाडी चुकेल." आणि मग, जरा आवाज खाली आणून, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतपत, "यादी अजून माझ्या खिशातच आहे. तुझं नाव घालतो मी. रस्ता करून दे."

फिरोजनं माझा हात घट्ट धरला. माझ्या तोंडात आलं होतं, कर रे बाबा, कर रस्ता. कलर आहे तो! मी ते बोलले नाही, एवढंच.

गजू काठावर बूट काढून अनवाणी कापसातून चालत गेला, जीपच्या दारापाशी उभा राहिला. दोन शब्दांच्या वर न बोलणारा हा पोरगा मोठ्यानं, अगदी मैदानाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, खाली उतरा. आधी बूट काढा."

"काय?"

"बूट काढा. अन् ड्रायव्हरले गाडी बंद करा म्हना. आमी ढकलत नेतो काठापर्यंत, हळू."

"कळतं का तुला तू काय बोलतोयस? नाव जाईल तुझं."

"हाव साहेब," गजू म्हणाला. "बूट काढा."

मागून बंडूही अनवाणी येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. मग फिरोज. साहेबांनी क्रीडाप्रमुखांना शोधलं; ते मांडवातल्या सोफ्याच्या मागे काहीतरी आवरत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, काच वर केली, पुन्हा खाली केली. शेवटी दार उघडलं आणि सीटवर बसल्या बसल्याच वाकले. नाड्यांना दुहेरी गाठ होती आणि पोट मध्ये येत होतं. बराच वेळ लागला. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. गाडी त्यांना पकडायची होती, आम्हाला नाही.